न पडलेली पावली

आमच्या न्यू जर्सींतील घरांत आम्ही उभयतां, मुलगा, सूनबाई व दोन नातवंडें अशीं सहा माणसें नांदतों. गेल्या उन्हाळ्यांत त्यांत एका सातव्याची भर पडली. हा सातवा खात नाहीं, आजारी पडत नाहीं, कोणाशीं भांडत नाहीं. परंतु तो घरांत आला तो दोघांच्या खांद्यांवरून, आणि ज्या टेबलावर त्याला ठेवला त्या टेबलाचा एक पाय त्याच दिवशीं कुरकुरूं लागला. आमच्या गांवांतील एका वृद्ध गृहस्थाच्या पश्चात् त्याच्या घरचें सामान विकावयास काढलें होतें. तेथें गवत कापण्याचें यंत्र व फुटक्या कुंड्या यांच्यामध्यें मला तो दिसला. काळा, लोखंडी, कपाळावर तीन फटी असलेला, नाणीं टाकून बोलावयाचा जुना टेलिफोन. मीं किंमत विचारण्यापूर्वींच त्याच्यावरून हात फिरविला, हें विकणाऱ्या बाईंनीं पाहिलें. आणि मग घासाघीस करण्यांत कांहीं अर्थ राहिला नाहीं.

सौभाग्यवतींनीं दारांतच विचारलें, "हा ठेवायचा कुठें? देवघरांत कीं न्हाणीघरांत?" त्यांचा प्रश्न अगदींच गैरवाजवी नव्हता. घरांत माणशीं एक टेलिफोन खिशांत असतांना नाणें टाकून बोलावयाचें यंत्र घेऊन येणारा म्हातारा दुसऱ्या कोणाच्या घरीं पाहिला असता, तर मीहि त्याच्या सुनेची कींवच केली असती. परंतु ह्या यंत्राचें व माझें जुनें देणेंघेणें आहे. तें काय, हें सांगण्यापूर्वीं यंत्र कसें चाले तें सांगितलें पाहिजे. नाहींतर माझी गोष्ट कळावयाची नाहीं.

नाण्याचा टेलिफोन ही अमेरिकेंतील हार्टफर्ड शहराची देणगी. विल्यम ग्रे नांवाच्या गृहस्थानें तेथील एका बँकेंत असा पहिला टेलिफोन १८८९ सालीं बसविला. तीन फटींचा नमुना त्यानंतर वीसबावीस वर्षांनीं निघाला, आणि १९६५ च्या सुमारास एका फटीचा नवा टेलिफोन येईपर्यंत ह्या देशाच्या रस्त्यारस्त्यांवर त्याचेंच राज्य होतें. त्यानंतरहि आडगांवांत तो कित्येक वर्षें टिकून होता. तीन फटी तीन नाण्यांकरितां: पांच सेंटांचें, दहा सेंटांचें व पंचवीस सेंटांचें. ह्या शेवटच्या नाण्याला आम्ही मराठी विद्यार्थी पावली म्हणत असूं; डॉलरचा चौथा हिस्सा म्हणजे पावली, हा हिशेब कोणी कोणास शिकविला नव्हता. पांच सेंटांचें नाणें आंत पडलें कीं एका लहान घंटेवर एक टोला पडे. दहा सेंटांचें पडलें कीं त्याच घंटेवर दोन. आणि पावली पडली कीं गुंडाळलेल्या जाड तारेच्या घंटेवर एकच, पण गंभीर व लांबणारा नाद उमटे. देवळांतील घंटा दुरून ऐकावी तसा. हे नाद तारेवरून एक्स्चेंजमधील ऑपरेटरबाईंच्या कानीं पडत, व त्यांवरून किती पैसे आले हें त्या मोजीत. लांब पल्ल्याच्या संभाषणाचा सारा हिशेब अशा रीतीनें एका माणसाच्या कानावर चाले.

मीं घरीं आल्यावर त्याची कवाडें उघडलीं. (किल्ल्या दोन लागतात, त्यांपैकी एकच मिळाली होती, आणि दुसऱ्या कुलुपापायीं माझे चार दिवस गेले. तो अध्याय येथें नको.) विद्युत्-अभियंता म्हणून आयुष्य घालविल्यामुळें मला वाटलें होतें कीं आंत निदान एखादा सर्किट बोर्ड असेल. एकहि नाहीं! आंत स्प्रिंगा, पितळी पट्ट्या, नाण्यांची उतरती वाट, एक रिले व एक पेटी, बस्स. नाणें उतरतांना एका तरफेस ढकलतें, त्यासरशीं तार जमिनीशीं जोडली जाते, आणि तेव्हां कोठें एक्स्चेंजला कळतें कीं येथें कोणी उभें आहे. तोंवर रिसीव्हर कानाला लावून कितीहि वेळ उभे राहा, तार मुकीच. पडलेलें नाणें पेटींत जात नाहीं. तें रिलेवरील एका झडपेवर त्रिशंकूप्रमाणें मध्येंच राहतें. बोलणें झालें, तर एक्स्चेंज तारेवरून सुमारें सव्वाशें व्होल्टांचा दाब एका दिशेनें सोडतें, झडप एकीकडे कलते व नाणें पेटींत पडतें. बोलणें झालें नाहीं, तर तोच दाब उलट दिशेनें येतो, झडप दुसरीकडे कलते व नाणें खालच्या वाटींत खळकन् परत येतें. घ्यावयाचें कीं परत द्यावयाचें, हें ठरविण्याची अक्कल ह्या लोखंडी पेटींत यत्किंचितहि नाहीं. ती सारी दूर, तारेच्या पलीकडच्या टोकाला आहे.

डायलचीहि तीच गत. बोट घालून तबकडी फिरवितांना कांहींच घडत नसतें. आपण केवळ स्प्रिंगेला किल्ली देत असतों. अंक उमटतो तो तबकडी सोडून दिल्यावर, ती आपल्या गतीनें परत येतांना. एकास तार एकदां तुटते, दोहोंस दोनदां, शून्यास दहा वेळां. आणि सेकंदाला दहा तुटी हा वेग राखण्यासाठीं आंत दोन चिमुकल्या वजनांचा गतिनियामक गरगरत असतो. म्हणूनच १९४७ सालीं ह्या देशांतील शहरांना आकडे वांटतांना जेथें वर्दळ फार तेथें थोड्या तुटींचे आकडे दिले. न्यूयॉर्कला २१२, म्हणजे अवघ्या पांच तुटी. आमच्या न्यू जर्सीला २०१ मिळाला. त्यांतील शून्यानें तेरा तुटींचा भुर्दंड आमच्यावर बसविला.

तार तोडणें एवढेंच जर डायलचें काम, तर तें डायलवांचून करतां येतें, हें ज्ञान मला लहानपणींच झालें होतें. पुण्यास माझ्या मामांच्या घरीं टेलिफोन होता, व त्याच्या तबकडीच्या भोंकांत बोटभर लांबीचें पितळी कुलूप होतें. किल्ली मामांच्या जानव्याला. परंतु माझा मामेभाऊ रिसीव्हर ठेवावयाची खुंटी ठकठक दाबून हवा तो नंबर लावी. पांच वेळां ठकठक केली कीं पांच, किंचित् थांबून मग पुढचा अंक. बिल आलें म्हणजे मामा प्रथम कुलूप पाहत, मग किल्ली, मग आम्हां मुलांकडे. पुढें मी अभियंता झालों त्याचें श्रेय आमच्या घरीं पुष्कळांनीं घेतलें आहे; त्या कुलुपाला तें कोणी दिलें नाहीं.

आतां माझी गोष्ट. १९७२ च्या फेब्रुवारींत मी इलिनॉयमधील एका लहान गांवीं शिकत होतों. थोरले बंधु, आमचे दादा, तेव्हां नुकतेच न्यू जर्सीस नोकरीला लागलेले. त्यांच्याकडे टेलिफोन होता, माझ्याकडे नव्हता. एके रात्रीं दादांची तार आली: फोन कर. दोनच शब्द. वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असूं, साताऱ्यास चार महिन्यांपासून अंथरुणाला खिळले होते. त्यामुळें तिसऱ्या शब्दाची मला जरुरी भासली नाहीं.

कपडे धुण्याच्या एका दुकानाबाहेर असाच तीन फटींचा टेलिफोन होता. खालीं गुडघाभर बर्फ. माझ्याजवळ मोजून पांच पावल्या होत्या. एक टाकून मीं शून्य फिरविलें. ऑपरेटरबाई आल्या, आणि रिवाजाप्रमाणें त्यांनीं ती पावली परत सोडली व तीन मिनिटांचे किती पडतील तें सांगितलें. नेमक्या पांच पावल्या! मीं वाटींत बोटें घातलीं. थंडीनें तीं बधिर झालीं होतीं. परत आलेली पावली निसटली आणि बर्फांत नाहींशी झाली. हातांत चार राहिल्या. त्या मीं एकेक करून टाकल्या. चार नाद गेले. मग कांहीं वेळ तारेवर शांतता. माझें नाणें खालीं पडलें आहे, मी आतांच शोधतों, माझे वडील, असें कांहीतरी मी साताऱ्याच्या इंग्रजींत बोलूं लागलों. बाईंनीं मला मध्येंच थांबविलें. पांच ऐकूं आल्या, आभारी आहें, एवढेंच म्हणून त्यांनीं तार जोडून दिली.

दादांनीं सांगितलें तें अपेक्षेप्रमाणेंच होतें. नाना आदल्या दिवशीं पहाटे गेले. तिकिटाचे पैसे एकाच्याच पुरते जमत होते, तेव्हां दादा जाणार. मीं परीक्षा सोडूं नये अशी आईची आज्ञा. एवढें बोलणें मिनिटभरांत संपलें. पुढें आम्ही दोघेहि कांहीं बोललों नाहीं. तारेच्या दोन टोकांना नुसते रडत उभे राहिलों. तीन मिनिटें संपलीं कीं ऑपरेटरनें मध्यें येऊन आणखी नाणीं मागावयाचीं, हा नियम. त्या रात्रीं कोणी आलें नाहीं. मीं रिसीव्हर ठेवला तेव्हां निदान बारा मिनिटें झालीं असावीं, आणि त्यानंतर चार पावल्या पेटींत पडल्याचा आवाज मीं ऐकला.

दुसऱ्या दिवशीं उजेडीं ती पावली बर्फांत सांपडली. ती हातांत घेऊन मीं शून्य फिरविलें. आवाज दुसऱ्याच बाईंचा होता. कालच्या संभाषणाचे पंचवीस सेंट मला द्यावयाचे आहेत, हें मीं त्यांना तीन प्रकारें समजावून सांगितलें. परंतु मिटलेल्या हिशेबांत नाणें टाकावयाची फट त्या टेलिफोनला नव्हती. ती पावली अद्याप माझ्याजवळ आहे.

त्या अनाम बाईंविषयीं माझ्या मनांत केवढी कृतज्ञता आहे हें सांगणें नकोच; परंतु पुढें ह्या यंत्रांचा इतिहास वाचतांना एक अडचणीची गोष्ट माझ्या ध्यानीं आली. डायलचा टेलिफोन ज्याच्यामुळें अस्तित्वांत आला तो अल्मन स्ट्रौजर हा कॅन्सस सिटींत प्रेतसंस्काराची व्यवस्था लावण्याचा धंदा करी. त्याच्या गिऱ्हाइकांचे टेलिफोन एक्स्चेंजमधील बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळवितात, असा त्याचा संशय होता, असें सांगतात. त्या संतापांत त्यानें मध्यें माणूसच नको असें यंत्र योजिलें. १८९१ सालीं त्याला पेटंट मिळालें, व १८९२ सालीं इंडियानांतील ला पोर्ट गांवीं पहिलें स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालें. तबकडीची डायल त्याच्या सहकाऱ्यांनीं नंतर काढली. म्हणजे ज्या ढिलाईनें मला बारा मिनिटें दिलीं, त्याच ढिलाईनें ह्या बिचाऱ्याचा, त्याच्या समजुतीप्रमाणें, धंदा बुडत होता. जो कान चाराच्या पांच ऐकूं शकतो तो पांचाच्या चारहि ऐकूं शकेल. माझ्या त्या बाई आणि स्ट्रौजरच्या त्या बाई एकाच खुर्चीवर बसलेल्या होत्या, हें कबूल करणें मला फार जड गेलें.

पुढें काय झालें तें थोडक्यांत. एका फटीच्या टेलिफोनांत घंटा गेल्या व इलेक्ट्रॉनिक स्वर आले: पांच सेंटांना एक, दहांना दोन, पावलीला पांच जलद स्वर. सत्तरीच्या अखेरीस ते मोजावयासहि एक्स्चेंजमध्यें यंत्र बसलें. यंत्राला नाण्याचा स्वर व नाण्यासारखा स्वर यांतील भेद कळेना; तेव्हां कांहीं उपद्व्यापी तरुण खिशांतील डबीनें तेच स्वर वाजवून फुकट बोलूं लागले. १९८४ सालीं येथील सरकारी आयोगानें खाजगी लोकांना स्वतःचे नाण्याचे टेलिफोन लावण्यास मुभा दिली, आणि मग पेटीच्या पोटांत सर्किट बोर्ड शिरला. दराचें कोष्टक, नाण्याची पारख, वेळेची मोजणी, सारें त्या हिरव्या फळीवर. पुष्कळ ठिकाणीं पलीकडे कोणी टेलिफोन उचलला कीं नाहीं हें मात्र एक्स्चेंज तिला सांगत नसे. तिनें आपल्या अदमासानें ठरवावें. १९९१ सालीं एका वादळी रात्रीं हमरस्त्यावर माझी मोटार बंद पडली असतां अशाच एका टेलिफोननें, घरीं नुसती घंटा वाजत असतांना, संभाषण झालें असें ठरवून माझी शेवटची पावली गिळली. मीं त्याच्याशीं वाद घातला. मराठींतून.

तथापि जुनें तें सारें सोनें, असें म्हणण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. तीन फटींच्या टेलिफोनची तार नाण्यावांचून मुकी राही, हें मीं वर सांगितलेंच. घराला आग लागली आणि खिशांत नाणें नसलें, तर त्या पेटीपुढें माणूस हताश उभा राही. नाणें न टाकतां संकटाचा नंबर लावतां येणें ही सुधारणा नंतरची, आणि ती कोणाच्या मेहेरबानीनें नव्हे, तर तारांच्या व मंडलांच्या फेररचनेनें आली. आतां तर सारेंच संपलें. न्यूयॉर्क शहरानें आपला अखेरचा सार्वजनिक टेलिफोन २३ मे २०२२ रोजीं टाइम्स स्क्वेअरजवळून उचलला व तो संग्रहालयांत गेला.

आमच्या सातव्याची दुरुस्ती मीं हातीं घेतली तेव्हां गतिनियामकांतील वंगण डिंकासारखें झालें होतें व डायल सेकंदाला जेमतेम सात तुटी देत होती. तें धुऊन काढलें, घड्याळी तेलाचा एक थेंब घातला, आणि डायल पूर्वीच्या डौलानें फिरूं लागली. मग घरच्या तारेला जोडून मीं दोन फिरविला. टक्, टक्. डायल-टोन जसा होता तसाच चालू राहिला, जणूं कांहीं घडलेंच नाहीं! आमची तार आतां इंटरनेटच्या डबींतून येते, आणि त्या डबीला तुटींची भाषा येत नाहीं. तिला स्वर पाहिजेत. माझा तेरा वर्षांचा नातू मागें उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "आजोबा, मधें दुभाषा लागेल."

तो दुभाषा त्यानेंच केला. काडेपेटीएवढा आर्डुइनोचा बोर्ड. डायलच्या तुटी मोजावयाच्या व तितक्याचे स्वर वाजवावयाचे, एवढेंच त्याचें काम. पहिल्या दिवशीं तीन फिरविला तर बोर्ड पांच म्हणे, कधीं सात. नातवाला त्याचा प्रोग्राम चुकला असें वाटलें. पण चूक नव्हती. धातूची पट्टी पट्टीवर आपटतांना क्षणभर थरथरते, व ती थरथर आपल्या कानाला एक वाटली तरी बोर्डाला दोनतीन वाटते. पहिला स्पर्श कळल्यावर कांहीं सहस्रांश सेकंद कान मिटून घ्यावयाचे, असें त्यानें बोर्डाला शिकविलें, आणि आंकडे शुद्ध येऊं लागले. रिलेसाठीं सव्वाशें व्होल्टांची सोय मात्र मीं स्वतः केली; तेवढा दाब मुलाच्या हातीं द्यावयास माझा धीर झाला नाहीं.

नाणीं ओळखण्यासाठीं त्यानें घंटांजवळ एक चिमुकला मायक्रोफोन बसविला. प्रत्येक नाणें पन्नास पन्नास वेळां टाकून त्यानें नाद टिपून घेतले. तीन दिवस घरांत पूजा चालली असल्यासारखें वाटत होतें, आणि सौभाग्यवतींचें मत थोडेंसें निवळलें. मग त्यानें नियम लिहिला: पांच पावल्या पडल्या तर जोडावें, कमी पडल्या तर नाणीं परत करावीं. तेव्हां मीं त्याला इलिनॉयची गोष्ट सांगितली. ती मीं आमच्या मुलालाहि कधीं नीट सांगितली नव्हती.

त्यानें ती निमूटपणें ऐकली, आणि कीबोर्ड पुढें ओढून विचारलें, "मग कितीनें कमी चालेल?"

"एका पावलीनें," मी म्हणालों.

"नेहमींच? मग कोणीच पांच टाकणार नाहीं. मग चारच झाल्या."

हें खरें होतें. थोड्या वेळानें तो म्हणाला, "दहांतून एकदां सोडूं? चिठ्ठी काढल्यासारखें?"

"त्या बाईंनीं चिठ्ठी काढली नव्हती."

"मग त्यांना कळलें कसें?"

"माझा आवाज ऐकला असेल त्यांनीं."

त्यानें उघड्या यंत्रांत वांकून पाहिलें. त्याचा मायक्रोफोन घंटांकडे तोंड करून होता. "हा फक्त नाणीं ऐकतो," तो म्हणाला, व प्रोग्राममधील ती ओळ त्यानें तशीच सोडून दिली.

रविवारीं सकाळीं पाहतों तों बोर्डाला दोन नव्या तारा जोडलेल्या, आणि त्यांच्या टोकाला एक तांबडें बटण. नातू कानांना हेडफोन लावून टेबलाच्या पलीकडे बसला होता. दादांना टेलिफोन करावयाचा, असें ठरलें होतें. त्यांचा नंबर पन्नास वर्षांत बदललेला नाहीं, आणि तो माझ्या डोक्यापेक्षां माझ्या बोटाला अधिक पाठ आहे. मीं तो फिरविला. एकेक करून चार पावल्या टाकल्या; चार नाद लांबत लांबत विरले. पांचवी, तीच जुनी, मुठींत होती. ती फटीपर्यंत नेली, पण हात तेथेंच राहिला.

नातवानें हेडफोन एका कानावरून किंचित् सरकविला, माझ्याकडे पाहिलें, व बटण दाबलें.

पलीकडे घंटा वाजूं लागली. दादांना हल्लीं कमी ऐकूं येतें. उठून टेलिफोनपर्यंत यावयास त्यांना वेळ लागतो. आम्ही दोघेहि थांबलों.